एका छपराचे चौदा धनी

महापौरांना एक विद्या फार चांगली साधली होती. कुठलीही गोष्ट ते कानात सांगत. उद्या ऊन पडणार आहे, हेसुद्धा असं हळूच सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, सूर्य खास आपल्यासाठी काढायचं ठरलंय. निवडणुकीत लोक भाषणं करून घसे फोडतात. या गृहस्थांनी तीन निवडणुका नुसत्या कुजबुजीवर काढल्या.

चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंच्या कानातही त्यांनी एक गोष्ट सांगून ठेवली होती. बाई नगरसेविका होत्या. नवरा गेला तेव्हा दुकान गळ्यात पडलं आणि पुढच्या निवडणुकीला महापौरांनी उमेदवारी गळ्यात घातली. महापौर म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे शाळासोबती. ते बाईंना वहिनी म्हणायचे, बाई त्यांना भाऊजी. सभागृहात भाऊजींनी भुवई उचलली की वहिनींचा हात वर. घरी सासूबाई म्हणायच्या, "त्याच्या भुवईला आणि तुझ्या हाताला एकच दोरी बांधलीये का गं?"

"अहो, त्यांनीच तर तिकीट दिलं."

"तिकीट दिलं ना? मग कुठे उतरायचं ते तू ठरव. का तेही कंडक्टरच ठरवणार?"

सासूबाई दिवसभर दुकानात गल्ल्याशेजारी बसत. विकत काही नसत, पण आलेलं गिऱ्हाईक त्यांच्या तोंडाला घाबरून फारशी घासाघीस करत नसे. हिशेबाने पाहिलं तर दुकानातली सगळ्यात किफायतशीर वस्तू त्याच होत्या.

तर ती कानातली गोष्ट. बाईंच्या वॉर्डातल्या शाळेच्या वरच्या मजल्याचं छप्पर खचलं होतं. आधी गिलावा पडला, मग सळ्या दिसायला लागल्या. पालिकेच्या इंजिनिअरने येऊन खालून लोखंडी टेकू लावले, जिन्याला कुलूप ठोकलं आणि 'धोकादायक' अशी पाटी लावून तो निघून गेला. तेव्हापासून खालच्या चार खोल्यांत अर्धी मुलं सकाळी शिकत, अर्धी दुपारी. बाईंची सून तिथेच शिक्षिका. तिच्या वाट्याला दोन्ही पाळ्या आल्या. संध्याकाळी तिचा आवाज इतका बसलेला असायचा की जेवताना मीठ हवं असलं तर ती चिमूट करून दाखवायची. त्यात पालिकेने बजावलं: नव्या सत्राआधी छप्पर झालं नाही तर शाळा बंद, मुलं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत जातील. तो हमरस्ता असा की बाईंचा मुलगा, चांगला सहा फुटी गडी, पलीकडे जायचं तर रिक्षा करायचा.

पालकांच्या बैठकीत बाई भरात येऊन बोलून बसल्या होत्या, "शाळा बंद झाली तर मी राजीनामा देईन. माझा शब्द आहे." टाळ्या कडकडून पडल्या. टाळ्यांचं असंच असतं. वाजवणारा घरी जातो, उधारी ऐकणाऱ्याच्या नावावर राहते.

दुसऱ्या दिवशी त्या महापौरांकडे गेल्या. महापौरांनी दार लावलं, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "वहिनी, शिक्षणाला यंदा पैसा नाही. पण एका शाळेचं छप्पर मी कसंबसं बसवलंय. एकच. ते तुमचं. मित्राच्या आठवणीसाठी म्हणा."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फक्त अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत ब्र काढू नका. बाकीच्यांना कळलं तर लचके तोडतील. त्याच्या आठवणीची शपथ आहे तुम्हाला."

बाईंनी ती शपथ आठ दिवस अशी जपली, जसं कोणी दुधाचं भांडं जपतं. सुनेलाही सांगितलं नाही. नवव्या दिवशी दुकानात बेकरीवाले आले.

बेकरीवाले म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाचे नगरसेवक, महापौरांच्याच पक्षाचे. भट्टीसमोर उभं राहून राहून तांबूस झालेला चेहरा आणि पोटाचा घेर असा की सभागृहात त्यांचं बाक बाहेर ओढून ठेवावं लागे. वाचायचा चष्मा बदलायचा होता. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एक डोळा झाकला.

"तिसरी ओळ वाचा."

"ती अजून आहे का तिथे? मला तर भिंतच दिसतेय."

बाईंनी काच बदलली. "आता?"

"आता आहे. वा! अहो वहिनी, यंदा सगळंच स्पष्ट दिसायला लागलंय बघा." बेकरीवाले खुशीत होते. खुशीतल्या माणसाच्या तोंडात गोष्ट राहत नाही, गरम पावाच्या कागदात वाफ राहत नाही तशी. "आमच्या भागातल्या शाळेचं ते छप्पर आहे ना, त्याचं जमलं. पण हे तुमच्यापुरतं. महापौरांनी शपथ घातलीये."

बाईंच्या हातातली काच सटकता सटकता राहिली. बरं झालं, बेकरीवाल्यांचा एक डोळा झाकलेला होता आणि दुसऱ्यापुढे भलत्याच नंबरची काच होती. नाहीतर समोरचा चेहरा वाचायला त्यांना कुठलाच चष्मा लागला नसता.

"एकाच शाळेला आहे म्हणे?" बाईंनी विचारलं.

"एकच! ती आमची. बाकीच्यांची जरा दया येते हो. पण करणार काय?"

ते गेल्यावर बाई काउंटरमागे बसून राहिल्या. आता इथे माणसाच्या मनाची गंमत बघा. बाईंना राग आला, पण महापौरांचा नव्हे. त्यांना बेकरीवाल्यांची दया आली. बिचारा! त्याला झुलवत ठेवलंय आणि छप्पर तर आपलं आहे. दोघांना एकच वस्तू विकली गेलीय हे कळल्यावर प्रत्येकाला आधी वाटतं ते हेच, की खोटी पावती दुसऱ्याची.

हे त्यांनी सासूबाईंना बोलून दाखवलं. शपथ मोडली, पण सासूबाईंशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं असं त्यांनी स्वतःला समजावलं.

भिंत बोलली. "म्हणजे त्या पाववाल्याला फसवलं आणि तुला खरं सांगितलं?"

"भाऊजी माझ्याशी खोटं नाही बोलणार."

"का गं? तुझ्यासाठी त्याच्या तोंडात वेगळी जीभ आहे?" सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तो पाववाला आत्ता घरी जाऊन बायकोला काय सांगत असेल? 'वहिनींची दया येते गं, बिचाऱ्या.' हेच ना?"

बाई गल्ल्याची किल्ली उगाच फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या आठवणीची शपथ घातली हो त्यांनी."

"माझ्या लेकाच्या," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण दुकानातलं एक गिऱ्हाईक फ्रेम खाली ठेवून निघून गेलं.

त्या रात्रीपासून नव्हे, तर त्या वाक्यापासून महापौरांचं बाईंच्या मनातलं खातं बंद झालं. पण नुसतं मनातलं खातं बंद करून छप्पर उभं राहत नाही. कुणाकुणाला विचारावं? विचारलं तर जो तो कानावर हात ठेवणार. शपथ आहे आणि शिवाय स्वार्थ आहे. महापौरांपुढे जाऊन भांडावं, तर ते आणखी हळू आवाजात आणखी गोड काहीतरी सांगतील. तेव्हा बाईंनी ठरवलं की जे कानात सांगितलंय ते मोठ्याने वाचायला लावायचं.

त्यांच्या सभागृहात एक जुनी रीत होती. अंदाजपत्रकाचा जाडजूड गठ्ठा प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवायचा, महापौरांनी म्हणायचं, "वाचला असे समजण्यात यावे," सगळ्यांनी बाकं वाजवायची आणि जेवायला उठायचं. जेवण शेजारच्याच दालनात मांडलेलं असे आणि बाकं किती जोरात वाजणार हे बरंचसं त्या वासावर ठरे. पालिकेत तो गठ्ठा उघडून पाहणारा एकच प्राणी होता, तो म्हणजे कसर.

सभेच्या दिवशी प्रेक्षकांच्या गॅलरीत सासूबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या. सून येऊ शकली नाही. तिला दोन्ही पाळ्या होत्या. विषय दोन होते. पहिला अंदाजपत्रक, दुसरा महापौरांवरचा अविश्वास ठराव. हा ठराव विरोधी पक्षाचे वकीलसाहेब दर वर्षी आणत आणि दर वर्षी हरत. एकवीसजणांत त्यांचे सात, महापौर धरून महापौरांचे चौदा. आता तो ठराव म्हणजे जेवणानंतरच्या बडीशेपेसारखा झाला होता.

महापौर उठले. "वाचला असे समजण्यात—"

"माझी हरकत आहे," बाई म्हणाल्या.

सभागृहात अशी शांतता पसरली की शेजारच्या दालनातल्या ताटल्यांचा आवाज ऐकू आला. महापौरांनी भुवई उचलली. सवयीने बाईंचा हात थोडा हललाही. त्यांनी तो बाकावर दाबून धरला.

"वहिनी, कसली हरकत?"

"मी वाचलेला नाही. मग वाचला असं कसं समजू? सगळा नको. शिक्षणाचं पान तेवढं वाचा."

"एक पान ना?" बेकरीवाले दालनाच्या दाराकडे बघत म्हणाले. "मग वाचून टाका लवकर."

नगरसचिव म्हणजे अतिशय सज्जन गृहस्थ. शिव्यासुद्धा इतिवृत्तासारख्या वाचतील. त्यांनी पान काढलं आणि वाचू लागले. शाळांच्या दुरुस्तीचा गेल्या वर्षीचा सगळा निधी 'शहर सुशोभन' या खात्यात वर्ग. त्यातून हमरस्त्यावर, शहराच्या वेशीवर, भव्य स्वागत कमान. शाळा दुरुस्ती: एक छप्पर. शाळा कोणती, हे महापौर नंतर ठरवतील.

बाईंना वाटलं, आता उसळेल सभागृह. कमानीचं नाव ऐकून तरी कोणी उठेल.

कोणी उठलं नाही. उलट 'एक छप्पर' हे शब्द ऐकल्याबरोबर बाकावरच्या बऱ्याच चेहऱ्यांवर एक मंद, तृप्त हसू पसरलं. बेकरीवाले खाली मान घालून हसले. टेम्पोवाले हसले. औषधांच्या दुकानवाले हसले. इस्टेट एजंट तर शेजाऱ्याकडे असं करुणेने पाहत होते, जसं कोणी दुसऱ्याच्या पडक्या घराकडे पाहतं. आणि मग बाकं वाजली. कडाडून वाजली!

महापौरांनी सुस्कारा सोडला आणि बाईंकडे पाहून डोळे मिचकावले. त्या मिचकावण्याचा अर्थ होता: पाहिलंत? तुमच्या छपरासाठी केवढा पाठिंबा!

बाईंना राजीनामा डोळ्यांसमोर दिसू लागला. आता हे मंजूर झालं की सगळे जेवायला उठणार, आणि गोड पदार्थ येईपर्यंत शाळा बंद झालेली असणार. त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं. सासूबाईंनी फक्त हनुवटी हलवली. उठ.

उठता उठता बाईंची नजर त्या हसऱ्या चेहऱ्यांवरून फिरली आणि त्यांना एकदम उमगलं. दुकानात हेच चेहरे त्यांनी आरशासमोर पाहिले होते. नवी फ्रेम चढवली की प्रत्येक जण असाच मान तिरकी करून स्वतःवर खूश होतो. अशा माणसाला फ्रेम जड आहे म्हणून सांगून उपयोग नसतो. त्याला म्हणायचं असतं, वा, काय शोभते तुम्हाला!

"अध्यक्षमहाराज," बाई म्हणाल्या आणि आवाजात जमेल तेवढं लोणी घातलं, "माझी हरकत मी मागे घेते. एवढ्या तंगीत एका शाळेचं छप्पर मिळवणं खायचं काम नाही. ज्या सदस्याने आपल्या वॉर्डासाठी हे छप्पर मिळवलं, त्याच्या अभिनंदनाचा ठराव मी मांडते."

हे ऐकून महापौरांच्या चेहऱ्यावरचा रंग थोडा हलला. कारण त्या सभागृहात अभिनंदनाचा ठराव हे मोठं प्रस्थ होतं. कुणी नवी गाडी घेतली, अभिनंदन. कुणाचं पित्ताशय काढलं, अभिनंदन. आणि अभिनंदनाचा ठराव आला की बाकीचं कामकाज थांबायचं, ज्याचं अभिनंदन त्याने उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि त्याचं नाव इतिवृत्तात जाड ठशात जायचं. हा नियम ज्याने केला, त्याला सभासद नेमके ओळखता आले असावेत.

"वहिनी, हे नंतर—" महापौर म्हणाले.

"अभिनंदनाला आधी जागा, साहेब. नियम आहे," नगरसचिवांनी सौम्यपणे सांगितलं. "संबंधित सदस्यांनी कृपया उभं राहावं."

बेकरीवाल्यांची घालमेल झाली. शपथ एकीकडे, जाड ठसा एकीकडे. त्यांनी महापौरांकडे पाहिलं. महापौर नकारार्थी मान हलवत होते, पण बेकरीवाल्यांचा नवा चष्मा होता वाचायचा, लांबचा नव्हे. ते उठले. कोटाचं बटण लावलं आणि टाळ्यांसाठी चेहरा तयार केला.

टाळ्या पडायच्या आत पलीकडून टेम्पोवाले उठले.

"अहो, बसा," बेकरीवाले हळूच म्हणाले, "माझं अभिनंदन चाललंय."

"तुमचं कशाचं? छप्पर आमचं."

"तुमचं? शपथेवर सांगितलंय मला!"

"मग मला काय वर्तमानपत्रावर सांगितलं?"

मागून औषधवाले उठले. ते कुणाशी भांडले नाहीत. शांतपणे उभे राहून त्यांनी दोघांकडे क्षमाशील नजरेने पाहिलं. मग इस्टेट एजंट. मग दोघी बहिणी, एकाच पक्षाच्या, शेजारशेजारच्या वॉर्डांतल्या, त्या एकदमच उठल्या आणि एकमेकींना पाहून "अगं, तू?" म्हणाल्या. मग बाकं सरकण्याचा आवाज थांबेचना. विरोधी बाजूचेही तिघे उठले, तेव्हा वकीलसाहेबांचा चष्मा नाकावरून घसरला.

"अहो, तुम्ही आपल्या पक्षाचे ना?" ते ओरडले.

"छपराला पक्ष नसतो, साहेब," त्यांच्यातला एक पुटपुटला.

नगरसचिव मोजत होते. "तेरा," ते म्हणाले. "एका छपराचे तेरा."

"चौदा लिहा," बाई म्हणाल्या. त्या उभ्याच होत्या. "मलाही तेच सांगितलं होतं. आणि मीही आठ दिवस बाकीच्यांना हसत होते."

कोणी हसलं नाही. चौदा माणसं उभी होती आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. मग ती चौदा तोंडं सावकाश एका दिशेला वळली. महापौर आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "हे बघा, गैरसमज झालाय. मी एकेकाला वेगळं समजावून सांगतो—"

"एकेकाला नको!" बेकरीवाले गरजले. भट्टीवाल्या माणसाचा आवाज. ताटल्या हादरल्या असतील. "सगळ्यांना एकदम सांगा. मोठ्याने. माझ्या वॉर्डातली पोरं अंगणात बसून शिकतायत, आणि तुम्ही कमान बांधताय? कमानीखाली कोण बसणार? ट्रक?"

"भाऊजी," बाई म्हणाल्या. या शब्दावर महापौरांनी आशेने पाहिलं. "ज्याच्या आठवणीची शपथ घातलीत ना, त्याची आई वर बसलीये. तिच्याकडे बघून सांगा. छप्पर कुणाचं?"

महापौरांनी वर पाहिलं नाही. कागद चाळले, पाणी प्यायले, पुन्हा कागद चाळले.

अविश्वास ठराव त्या दिवशी जेवणाआधीच घेतला गेला, यातच सगळं आलं. खुर्ची तेवढ्यापुरती नगरसचिवांकडे गेली. वकीलसाहेब भाषणाला उठले. दर वर्षीचं तेच, तासाभराचं. पण "आजपर्यंतच्या इतिहासात" एवढं म्हणताच बेकरीवाले म्हणाले, "इतिहास राहू द्या हो, हात वर करा!" अठरा हात महापौरांच्या विरोधात वर गेले. बाईंचा पहिला होता, आणि कुणाच्या भुवईने उचललेला नव्हता. बाजूने दोन मतं पडली, महापौरांचं स्वतःचं आणि उपमहापौर असलेल्या त्यांच्या मेहुण्याचं. मेहुण्याने हात वर केला तो कानाएवढाच, घरी बहिणीला सांगता यावं म्हणून. राहिलेले एक वयस्क सदस्य सकाळपासून झोपले होते. जाग येताच त्यांनी दोन्ही बाजूंनी हात वर केला आणि तटस्थ ठरले.

जेवण गार झालं, पण कोणी उठेना. अंदाजपत्रक पुन्हा उघडलं, आणि यावेळी मोठ्याने, ओळीने. कमान पहिल्या फटक्यात गेली. मग पैसे कुणाला आधी, यावरून पुन्हा खणाखणी सुरू झाली, तेव्हा बाई म्हणाल्या, "जिथे टेकू लागलेत तिथे आधी. इंजिनिअरला विचारा, मला नको आणि तुम्हालाही नको." त्यांची शाळा यादीत खाली गेली असती, तर राजीनामा त्यांनी स्वतःच्याच हाताने लिहिला असता. इंजिनिअरला बोलावलं. त्याने टेकू लागलेल्या पाच शाळा सांगितल्या. चौथी बाईंची. कमानीच्या पैशांत पाचही छपरं बसली, वर रंगाला थोडे उरले. इतकी महाग कमान होती ती!

दारात माजी महापौर भेटले. आवाज पुन्हा खाली गेला होता. "वहिनी, तिकीट मी दिलं होतं तुम्हाला."

"दिलं होतं," बाई म्हणाल्या. "माझा थांबा आला, मी उतरले."

मागे उभ्या सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांनी दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. त्यावर सही-शिक्का नव्हता, पण वजन भरपूर होतं.

दोघी तशाच, न जेवता, शाळेत गेल्या. पाळी बदलायची वेळ होती. सकाळची मुलं दप्तरं घेऊन बाहेर पडत होती, दुपारची आत शिरत होती आणि मधोमध बाईंची सून हातवारे करून रांगा लावत होती. बाईंनी तिला काय झालं ते सांगितलं. सुनेने ऐकलं, एकदा वरच्या कुलूपबंद मजल्याकडे पाहिलं आणि अंगणातच बाईंना मिठी मारली. काहीतरी बोलायला गेली, पण आवाज फुटेना. आवाज बसला होता म्हणून, असं ती नंतर म्हणाली.

मग बाई पायरीवर चढल्या आणि मुलांना म्हणाल्या, "पोरांनो, वरचा मजला नवा होणार! पुढच्या सत्रापासून सकाळची-दुपारची भानगड बंद. सगळ्यांची शाळा एकत्र, पूर्ण दिवस!"

बाई टाळ्यांसाठी थांबल्या.

मग पुढच्या रांगेतली, दोन वेण्यांची एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे दिवसभर शाळा?"

"हो!"

"रोज?"

"रोज."

"पण आम्हाला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली, आणि मागची सगळी रांग "नाही विचारलं, नाही विचारलं" म्हणत बाकांऐवजी डबे वाजवायला लागली.

सासूबाई हसून हसून पायरीवर बसल्या. "घे," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तुझा विरोधी पक्ष आला. हा त्या वकिलापेक्षा बरा आहे हो. हा ऐकून घेतल्याशिवाय जायचा नाही."

"येऊ दे," बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून त्या मुलीला उत्तर द्यायला खाली उतरल्या.